पाचवा उद्गार

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) उपासना दुपारी बारा ते तीन चालते. येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं, मग एक गीत, एक प्रार्थना, की पुढचा वक्ता उभा. सोलापुरात एप्रिलच्या भर दुपारी हे तीन तास बसणं काय असतं ते बसलेल्यालाच ठाऊक. पंखे गरम वारा फेकत असतात, म्हातारी माणसं ओला रुमाल मानेवर घेऊन बसतात, आणि पाचवा उद्गार येईपर्यंत, म्हणजे पावणेदोनच्या सुमाराला, निम्मी मंडळी पेंगत असते. बऱ्याच जणांचा उपवास असतो. काही जण पाणीसुद्धा घेत नाहीत.

२०२५ साली हा पाचवा उद्गार माझ्या वाट्याला आला. "मला तहान लागली आहे." योहानाचं शुभवर्तमान, अध्याय १९, वचन २८.

एरवी बायकांकडे तिसरा येतो, "बाई, हा पाहा तुझा मुलगा". आई, अश्रू, वधस्तंभाजवळ उभी असलेली मरिया. त्यावर महिला मंडळातल्या कुणी बोललेलं शोभतं अशी एक समजूत आहे. मीही तो केलेला आहे. त्यामुळे लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी दारात सलाम करताना पाळकसाहेब म्हणाले, "सिस्टर, यंदा पाचवा तुम्ही घ्या. तहान तुम्ही रोज बघता," तेव्हा आधी नवल वाटलं, मग बरं वाटलं. मी डायलिसिस युनिटमध्ये नर्स आहे.

तीन तासांची ही उपासना मूळची आमची नाही बरं का. पेरू देशातल्या लिमा शहरात सतराव्या शतकाच्या अखेरीस अलोन्सो मेसिया नावाच्या जेझुइट, म्हणजे कॅथलिक संघातल्या, धर्मगुरूने ती सुरू केली असं मानतात. आमची मंडळी अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशनच्या वळणाची. त्या मिशनऱ्यांचे न्यू इंग्लंडमधले पूर्वज नाताळसुद्धा पाळत नसत. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणाऱ्याला दंड होता. त्यांच्या वंशजांनी इथे येऊन मंडळ्या उभ्या केल्या आणि त्या मंडळ्या आज जेझुइटांची उपासना घामाने भिजून पाळतात. मला याची गंमत वाटते.

तयारी कशी करायची हा प्रश्न नव्हता, कारण सासूबाईंची पद्धत घरात होतीच. त्यांची आई खेडोपाडी फिरणारी बायबल वुमन होती, तिच्याकडून ती आलेली. एकच लहान शास्त्रभाग घ्यायचा. रोज तोच. मोठ्याने वाचायचा, घरात कुणी झोपलेलं असलं तर निदान ओठ हलवून. वाचून झालं की गप्प बसायचं. मग जे मनात राहिलं असेल ते एका ओळीत लिहायचं आणि त्या ओळीचीच प्रार्थना करायची. सासूबाई म्हणायच्या, "जास्ती लिहू नको. जास्ती लिहिलं की आपण प्रभूला शिकवायला लागतो."

त्याआधी मी वर्षभरात पवित्र शास्त्र पूर्ण करायचा तक्ता वापरत असे. सहासष्ट पुस्तकं, १,१८९ अध्याय, म्हणजे दिवसाला तीन-सव्वातीन अध्याय. त्या वाचनाला मी नावं ठेवणार नाही. कुठे काय आहे ते त्यानेच कळतं, आणि ते कळलेलं नसतं तर पुढे जे सापडलं ते सापडलंच नसतं. पण लेवीयच्या पुस्तकात कातडीच्या रोगांचे अध्याय आले की मन कुठे असतं ते आपल्याला माहीत असतं, तरी तक्त्यावर खूण होतेच.

तर योहान १९ मधली २८ ते ३० ही तीन वचनं घेतली. औषध कंपनीच्या एमआरने दिलेली एक डायरी पडून होती. पानाच्या तळाशी रोज एका गोळीचं नाव आणि वर माझी एक ओळ. सकाळची ड्यूटी सातला सुरू होते, पहिल्या पाळीचे पेशंट त्याआधीच बाकावर येऊन बसलेले असतात. म्हणून पाचला उठून, चहा ठेवायच्या आधी वाचायचं.

पहिला आठवडा सोपा गेला. जे आधीपासून ऐकलेलं होतं तेच लिहिलं: येशूला आत्म्यांची तहान होती, जगाच्या तारणाची तहान होती, आपल्या प्रीतीची तहान होती. पाचव्या उद्गारावरचे जितके संदेश मी ऐकले आहेत त्यातले बहुतेक पहिल्या दोन मिनिटांत पाण्यापासून निघतात आणि आत्म्यांकडे पोचतात, ते परत पाण्याकडे येत नाहीत. माझ्याही डायरीत तेच उतरत होतं.

त्यानंतरचे दिवस रिकामे गेले. डायरीत "काही नाही" असं लिहिलेलं आहे. एका पानावर "पाणी आलं, वाचन राहिलं." आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, कधी पहाटे, कधी रात्री अकराला, आणि आलं की सगळं घर उठतं: टाकी, पिंप, हंडे, कळश्या, शेवटी तांब्यासुद्धा भरून ठेवायचा. त्या पहाटे मनन कसलं नि चिंतन कसलं. आमच्या युनिटमधल्या एका कॅथलिक सहकारी सिस्टरला हे सांगितलं तर ती हसून म्हणाली, तुमच्या सासूबाईंची पद्धत म्हणजे आमचं लेक्सिओ दिव्हिना. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या मठवासीयाने त्याच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवापुढे असणं. मी म्हटलं, सातच्या ड्यूटीवाल्यांना चौथी पायरी लागू नाही.

पण रिकामे दिवस हे त्या पद्धतीतच धरलेले असतात, हे मला नंतर पटत गेलं. ऐकलेलं सगळं संपल्याशिवाय वाचलेलं दिसायला लागत नाही.

त्या वर्षी रमजान आणि आमचा उपवासकाळ जवळजवळ सोबतच आले. रमजान २ मार्चला लागला, राखेचा बुधवार ५ मार्चला. युनिटमधली एक टेक्निशियन मुलगी रोजे धरत होती आणि मशीन धुणं, लावणं, अलार्म बघणं सगळं रोजच्यासारखंच करत होती. एका दुपारी मी तिला विचारलं, भुकेचा जास्त त्रास होतो की तहानेचा?

"भूक का कुछ नै, दीदी," ती म्हणाली. "तीन बजे के बाद बात करने का जी नै करता. जबान ऊपर चिपकती."

स्तोत्र २२ मध्ये हेच आहे. माझी जीभ टाळूला चिकटली आहे, असं पंधराव्या वचनात म्हटलेलं आहे. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हा चौथा उद्गार त्याच स्तोत्राची पहिली ओळ. म्हणजे चौथा उद्गार त्या स्तोत्राचा आरंभ आणि पाचवा त्याच्या पोटातला. हे टीकाग्रंथांतून, म्हणजे शास्त्रावरच्या भाष्यांतून, मिळतंच. पण त्या मुलीने जे सांगितलं ते मी वेगळ्या अंगाने ऐकलं: फार तहान लागली की माणसाला बोलता येत नाही. मी वाचत असलेल्या तीन वचनांत तहानेच्या लगेच पुढे काय आहे? सैनिक आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, बुडवलेला स्पंज एजोब नावाच्या झुडपाच्या काठीवर लावून तोंडाशी धरतात. येशू ती आंब घेतो. आणि घेतल्यानंतर म्हणतो, "पूर्ण झाले आहे." मत्तय आणि मार्क यांची शुभवर्तमानं सांगतात की शेवटी तो मोठ्याने ओरडला.

जीभ टाळूला चिकटलेल्या माणसाला मोठ्याने ओरडता येत नाही. घसा ओला झाला म्हणून सहावा उद्गार निघाला. त्या दिवशीच्या पानावर लिहिलंय: "पाचव्याशिवाय सहावा नाही." हे कुणी आधी म्हटलंही असेल, टीकाकार काही सोडत नाहीत. मला ते मशीनशेजारी उभं राहून मिळालं.

आता डायलिसिसबद्दल थोडं सांगायला हवं. ज्यांची लघवी बंद झालेली असते त्यांच्या अंगात गेलेलं पाणी बाहेर पडायला दुसरी वाट नसते. ते साठतं, पायावर सूज येते, छातीत भरलं की रात्री आडवं होता येत नाही. आठवड्यातून दोनदा-तीनदा, चार-चार तास मशीनवर घेऊन ते काढावं लागतं. म्हणून पाण्यावर बंधन. बहुतेकांना दिवसाला लिटरभराच्या आत, आणि त्यात चहा, वरण, ताक, गोळी गिळायचा घोट सगळं धरायचं. मीठ खाल्लं की तहान वाढते, आणि सोलापुरात शेंगा चटणी सोडा असं कुणाला सांगायचं! उन्हाळ्यात तर विचारूच नका. पेशंट पाणी मागतात आणि आम्ही नाही म्हणतो. नीळ्ळू, नीरू, पानी, पाणी. कुठल्याही भाषेत मागितलं तरी आमचं उत्तर तेच.

आमच्याकडे येणारे एक काका आहेत, तेलुगू घरातले, आयुष्य यंत्रमागावर गेलेलं. त्यांच्याबद्दल लिहू का, असं त्यांना विचारून घेतलं आहे. मार्चच्या शेवटी एका सोमवारी त्यांचं वजन साडेतीन किलोने वाढलेलं निघालं. दोन दिवसांत. मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे.

"कलिंगड," ते म्हणाले. "नातवानं आणलं. एक फोड."

"एका फोडीचे साडेतीन किलो होत नाहीत, काका."

"मोठी फोड होती."

कलिंगडात पाणी तर आहेच, शिवाय पोटॅशियम. त्यांच्यासाठी दोन्ही वाईट. मी बोलायचं ते बोलले. तिसऱ्या तासाला त्यांनी पाणी मागितलं, मी नाही म्हटलं. "बर्फ तरी द्या की." बर्फाचा एक लहान खडा चालतो, तो तोंडात हळूहळू विरघळतो आणि पाण्यापेक्षा जास्त वेळ पुरतो. तो दिला. ओठ फुटले होते म्हणून गॉजचा तुकडा भिजवून ओठांवरून फिरवला आणि बोरोग्लिसरीन लावलं. हे मी किती वर्षं करते आहे. काठीच्या टोकाला स्पंज आणि चिमट्याच्या टोकाला गॉज. त्या दिवशी हात मध्येच थांबला, इतकंच सांगते.

काकांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, आमच्या देवळात बोलायचं आहे, येशूला मरताना तहान लागली त्यावर.

"मग? दिलं का कुणी पाणी?"

"दिलं. म्हणजे पाणी नव्हे. शिपायांची आंब होती, आंबट."

"दिलं ना पण," ते म्हणाले. "कोण होता तो?"

नाव लिहिलेलं नाही, मी म्हटलं. ते पुढे काही बोलले नाहीत, बर्फ चघळत पडून राहिले.

आंब म्हणजे रोमी शिपायांचं रोजचं पेय, आंबलेला हलका द्राक्षारस, पाणी घालून प्यायचा. ते भांडं तिथे त्यांनी स्वतःसाठी ठेवलेलं असणार. बरेच वक्ते हा स्पंज म्हणजे शेवटची थट्टा असं सांगतात, आणि लूकमध्ये तसं आहेही: शिपाई थट्टा करत आंब पुढे करतात. पण योहानात थट्टेचा शब्द नाही. मार्कात आणखी एक गोष्ट आहे जी नर्सच्या नजरेला लगेच दिसते. खिळे ठोकायच्या आधी येशूला गंधरस मिसळलेला द्राक्षारस देऊ केला जातो आणि तो घेत नाही. ते गुंगी आणणारं पेय असावं असं बहुतेक टीकाकार म्हणतात. म्हणजे भूल नाकारली आणि ओलावा मात्र मागून घेतला. वेदना कमी करून नको होती. पण तहान लागली आहे हे त्याने लपवलं नाही. रक्त गेलेला माणूस पाणी मागतो, हे कॅज्युअल्टीत काम केलेल्या कुणालाही विचारा. फटके खाल्लेला, रक्त गेलेला, उन्हात टांगलेला देह. त्याने दुसरं काय मागावं?

म्हणून आत्म्यांची तहान मी संदेशातून काढून टाकली. ती खोटी आहे असं नाही. पहिल्या शतकाच्या अखेरीस काही लोक म्हणू लागले होते की ख्रिस्ताचा देह नुसता दिसायला होता, त्याला खरं दुःख झालंच नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात, येशू ख्रिस्त देहाने आला हे जो कबूल करत नाही तो देवापासून नाही, असं सडेतोड लिहिलं आहे. तहान फार लवकर आध्यात्मिक करून टाकली की आपण नकळत त्या लोकांच्या बाजूला जाऊन बसतो असं मला वाटतं. पाळकसाहेबांना हे थोडं जास्त वाटलं. "जरा सौम्य करा," म्हणाले. मी केलं नाही.

दुसरं जे सापडलं ते तक्त्याच्या वाचनामुळे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू आणखी एकदाच पाणी मागतो, चौथ्या अध्यायात, शोमरोनी बाईजवळ: "मला प्यायला दे." तिथे वेळ दिली आहे, सुमारे सहावा तास, म्हणजे भर दुपार. एकोणिसाव्या अध्यायात रोमी सुभेदार पिलात त्याला लोकांपुढे आणतो तेव्हाही योहान वेळ देतो. पुन्हा सुमारे सहावा तास. आणि चौथा अध्याय मी पुन्हा पुन्हा वाचला, पण तिने पाणी दिल्याचं कुठे लिहिलेलंच नाही. बोलणं होतं, वाद होतो, जिवंत पाण्याची गोष्ट निघते, आणि ती घागर तिथेच टाकून गावात पळते. विहिरीवर मागितलेलं पाणी मिळालं की नाही ते योहान सांगत नाही. मागितलं आणि मिळालं असं सांगतो ते एकदाच, वधस्तंभावर. तेही परक्या शिपायाच्या भांड्यातलं.

त्या बाईचं पहिलं वाक्य तर आमच्या घरातलंच आहे. तुम्ही यहूदी असून माझ्यासारख्या शोमरोनी बाईजवळ प्यायला कसं मागता? यहूदी शोमरोन्यांचं भांडं शिवत नसत. माझी आजी मोहोळ तालुक्यातल्या एका खेड्यातली. ती सांगायची, गावच्या विहिरीच्या पायऱ्या उतरायला मनाई होती. कडेला उभं राहायचं, कुणी दयाळू आलं तर वरून ओंजळीत नाहीतर घागरीत ओतायचं, नाही आलं तर उभंच राहायचं. ओतणाऱ्याची कळशी आपल्या घागरीला लागू नये एवढ्या उंचीवरून. निम्मं पाणी मातीत. आमच्या मंडळीत निम्म्या घरांच्या आज्यांनी हे सांगितलेलं असणार, पण व्यासपीठावरून सहसा कुणी काढत नाही. आपण आता ख्रिस्ती आहोत, ते मागे पडलं, असं म्हणतात. २० मार्चला फोनवर चवदार तळ्याचे मेसेज येत होते. १९२७ साली त्या दिवशी महाडला बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेऊन प्यायलं. मी सकाळी योहानाचा चौथा अध्याय वाचलेला होता आणि दिवसभर दोन्ही गोष्टी एकमेकींशी बोलत राहिल्या. शिवायला नको म्हणणाऱ्या समाजातला एक माणूस येतो आणि तिच्याच घागरीतलं पाणी मागतो. आजीला हा अध्याय पाठ होता. का होता, ते मला आता कळतं.

लिहायला बसले तेव्हा डायरीतलं सगळं घालायचा मोह होता. एजोबाची गोष्ट घालायची होती: जुन्या करारातल्या निर्गमाच्या बाराव्या अध्यायात यहूद्यांच्या वल्हांडण सणाच्या कोकराचं रक्त दाराच्या चौकटीला लावायला एजोबाची जुडी वापरतात, आणि मत्तय-मार्कात नुसती काठी असताना योहान मुद्दाम एजोबाचं नाव घेतो. सुंदर आहे. काढलं. कारण पावणेदोनला, उपाशीपोटी, चाळीसच्या वरच्या उन्हात निर्गमापर्यंत कुणी माझ्याबरोबर चालत येणार नव्हतं. "मी तान्हेला होतो तेव्हा तुम्ही मला प्यायला दिले" हे मत्तय २५ मधलं वचनही घेतलं नाही. ते सगळ्यांना इतकं पाठ आहे की ते निघालं की माणसं मान हलवतात आणि ऐकायचं थांबवतात. उरलं ते एवढंच: त्याने मागितलं, कुणीतरी दिलं, घसा ओला झाला आणि मग तो "पूर्ण झाले आहे" म्हणू शकला. मध्ये विहीर आणि आजी. युनिटबद्दल दोन वाक्यं, काकांचा प्रश्न त्यांची ओळख न देता.

१८ एप्रिलला चौथ्या उद्गारवाल्या बंधूंनी वेळेच्या बाहेर बरंच काही सांगितलं. ज्याच्यावर बोलायचं तो उद्गार इतका छोटा आणि बोलणं इतकं लांब, पण हे दर वर्षीचं आहे. मला बारा मिनिटं मिळाली. मी उभी राहिले आणि पहिलं वाक्य ठरवल्याप्रमाणे म्हटलं: "मागच्या बाजूला माठ भरून ठेवले आहेत. ज्यांना बीपीची, शुगरची गोळी आहे, ज्यांना चक्कर आल्यासारखं वाटतंय आणि ज्यांना नुसती तहान लागली आहे त्यांनी आत्ता उठून पाणी प्या. मी थांबते."

कुणी उठेना. व्यासपीठावरच्या खुर्च्यांत थोडी चुळबुळ झाली. मग बाजूच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाई काठी टेकत उठल्या आणि मागे गेल्या. त्यांच्यामागे तरुण संघातली दोन पोरं, मग बरेच. तांब्याचा आवाज येत राहिला. तीन मिनिटं त्यातच गेली, मला नऊ राहिली. आजीचा भाग त्या नऊ मिनिटांतही पूर्ण सांगितला. तेवढा वेळ पेंगणारं कुणी दिसलं नाही.

उपासना सुटल्यावर पंचांपैकी एक ज्येष्ठ गृहस्थ, मनापासून भक्तिमान माणूस, मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, तीन तास प्रभूसाठी तहान सोसायची असते. तुम्ही उपासनेत पाणवठा केला." त्यांच्या म्हणण्यात काही नाही असं मी म्हणणार नाही, उपवासाला त्याची जागा आहे, आणि स्वतःहून सोसलेली तहान माणसाला काही शिकवते हे मी त्या रोजे धरणाऱ्या मुलीकडे बघून मान्य करते. पण सत्तरीच्या बाईने गोळी पोटात असताना निर्जळी राहून भोवळ येऊन पडावं यात प्रभूचं काय, ते मला सांगता येणार नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं की त्यानेसुद्धा मागून घेतलं होतं. ते "बघू" म्हणाले. यंदाच्या सभेत हा विषय निघणार असं कानावर आहे.

आजीबद्दल मात्र तीन-चार घरांतून फोन आले. एका बाईंनी त्यांच्या आईचं सांगितलं, आणि सांगताना आवाज इतका खाली आणला की जणू अजूनही कुणी ऐकेल.

पद्धत सोडलेली नाही. ती डायरी संपली, आता दुसऱ्या कंपनीची आहे. योहान पहिल्या अध्यायापासून घेतला, आठवड्याला एक लहान भाग, आणि सध्या पाचव्या अध्यायात अडकले आहे. तळ्याकाठी अडतीस वर्षं आजारी पडलेल्या माणसाला येशू विचारतो, तुला बरं व्हायची इच्छा आहे का? हा प्रश्न बऱ्याच जणांना विचित्र वाटतो. मला वाटत नाही. वर्षानुवर्षं मशीनवर येणाऱ्यांना किडनी बदलायचं विचारलं की काय उत्तरं येतात ते मी ऐकलेलं आहे. मला अडवतं ते त्या माणसाचं उत्तर. तो हो म्हणतच नाही. पाणी उसळलं की मला तळ्यात सोडायला कुणी नाही, माझ्याआधी दुसराच उतरतो, असं सांगतो. तरी येशू त्याला उठ म्हणतो. या पानावर काही दिवस नुसती तारीख आणि त्या कंपनीच्या गोळीचं नाव आहे.